टेरिअरचं डोकं आणि माझी सही

कुत्र्याचं डोकं हाताने कसं पाहायचं हे मी पस्तिसाव्या वर्षी शिकले, आणि तेही आधी एक मोठी चूक करून.

तेव्हा माझी नेमणूक परतूरपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात होती, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस लसी, फुगलेल्या शेळ्या, अडलेल्या म्हशी, सगळं माझ्याच गळ्यात. बाईमाणसाला हे काम करताना बघायची गावाला सवय नव्हती. लोक बैल घेऊन यायचे, मला बघायचे आणि साहेब कधी येणार हे विचारून बैल परत न्यायचे. मी कुणाला थांबवलं नाही. पुढे एका बैलाच्या खांद्याला अळ्या पडल्या, तेव्हा मालक आपणहून परत आला. मी जखम धुतली, अळ्या काढल्या, बैल आठ दिवसांत औताला लागला. मग लोक साहेबांची वाट बघेनासे झाले.

एका सकाळी एक उंच, ताठ चालीचे म्हातारे गृहस्थ दोरीला कुत्रा बांधून आले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते गावाबाहेर आपल्या शेतात राहत होते. सारं गाव त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचं. कुत्रा गुडघ्याच्या खालीच भरेल एवढा, पांढरा, पाठीवर काळं खोगीर घातल्यासारखा, तोंडाला दाढी-मिशा. वायर फॉक्स टेरिअर. तोवर मी तो पुस्तकातल्या चित्रातच पाहिला होता. एका अधिकाऱ्याने बदलीच्या वेळी सुभेदारसाहेबांना अशी जोडी देऊन टाकली होती, आणि त्या जोडीची पिल्लं वीसेक वर्षांत जिल्हाभर पोचली होती, हे मला नंतर कळलं.

कुत्र्याच्या अंगावर गोचिडं झाली होती. सुभेदारसाहेबांना परतूरला जायचं होतं म्हणून ते कुत्रा माझ्याकडे सोडून गेले. मी हात लावून पाहिलं तर केस इतके दाट की कातडी दिसेना. औषध आत पोचणार कसं? मी शेळ्यांचे केस काढायची मशीन घेतली आणि कुत्रा मानेपासून शेपटीपर्यंत भादरून टाकला. गोचिडं निघाली. मला वाटलं, काम झकास झालं.

दुपारी ते परतले आणि कुत्र्याच्या पाठीवरून एकदा उलटा हात फिरवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणाले की दोन महिन्यांनी शेतावर या, मग बोलू.

मी गेले. का गेले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक, एवढ्या मोठ्या माणसाने न रागावता बोलावलं याचंच नवल वाटलं असावं. लिंबाखाली दोन कुत्रे बांधले होते. सुभेदारसाहेबांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि माझा हात पहिल्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. वरचे केस नारळाच्या काथ्यासारखे राठ, उलटा हात फिरवला तर टोचणारे. त्यांच्याखाली मऊ, उबदार थर. मग दुसऱ्यावर हात ठेवला. सरकी काढलेला कापूस. मी डोळे उघडले. दुसरा कुत्रा मी भादरलेला होता. त्याच्या पाठीवरचा काळा रंगही विटून राखाडी झाला होता.

"मशीननं केस मधीच तुटतो, मेलेलं मूळ आत राहतं," ते म्हणाले. "नवा केस राठ येत न्हाई. मंग पाऊस आला की कुत्रं भिजतं, बोरीत शिरलं की काटे अडकतात. आता कळलं का?"

कळलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी ती बाजूला सारली आणि माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. जनावरांची बाळंतपणं करून, दोर ओढून माझे हात बायकी राहिले नव्हते. ते म्हणाले, हात चांगलाय, शिकायचं असेल तर रविवारी येत जा.

पुढची सात-आठ वर्षं मी जमेल त्या रविवारी गेले. बोटांना गोवरीची राख लावायची म्हणजे केस निसटत नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांत चारपाचच केस धरायचे आणि ज्या दिशेने वाढले त्याच दिशेने उपटायचे. केस पिकलेला, म्हणजे मुळाशी मेलेला असला तर कुत्र्याला दुखत नाही. ते डोळे मिटून पडून राहतं. पिकलेला नसला तर ते मागे वळून बघतं, मग थांबायचं. एका कुत्र्याला तीन-चार रविवार लागायचे. डोक्याचं काम ते शेवटी शिकवायचे. चार बोटं नाकापासून डोळ्यापर्यंत, चार बोटं डोळ्यापासून मागच्या हाडापर्यंत; दोन्ही बाजू बराबर आल्या पाहिजेत. कवटी सपाट, डोळ्यांकडे निमुळती होत आलेली. गाल फुगीर नकोत. डोळ्याखालचं हाड भरलेलं हवं, तिथे अंगठा बुडाला तर जबडा कमजोर. हे सगळं दिसायला छान म्हणून नाही. या कुत्र्याने बिळात शिरायचं, आत घूस असो की मुंगूस, तिला तोंडात धरायचं आणि उलट्या पावलांनी बाहेर यायचं. गालाने जाड कुत्रं बिळात अडकतं.

सुभेदारसाहेब नेहमी 'नस्ल' म्हणायचे. आपल्याकडे सगळे कुत्र्याची 'जात' म्हणतात, दवाखान्याच्या केसपेपरवरही तोच रकाना असतो. त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. फौजेतली सवय होती की समोर मी बसले होते म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा वडील रांगत होते. वडील पुढे परतूरच्या जिनिंगमध्ये हमाली करत राहिले आणि मला शिकवलं. सुभेदारसाहेब वतनदार मराठ्यांच्या घरातले. पहिल्या रविवारी त्यांच्या पत्नीने मला चहा दिला तो घरातल्याच कपात, आणि कप विसळायला मी उठले तर हातातून काढून घेतला. तिथे मला एवढं पुरेसं होतं.

माझ्या घरात मात्र यावरून खटके उडाले. माझे यजमान शाळेत इतिहास शिकवतात. त्यांचं म्हणणं, आपण तीन पिढ्या ज्या गोष्टीतून बाहेर यायला धडपडलो, तीच तू रविवारी हौसेनं करायला जातेस. शुद्ध रक्त, कवटीचं माप, कुणाचा बाप कोण. ते चेष्टेत बोलत नव्हते आणि मीही चेष्टेवर नेलं नाही. मला उत्तर द्यायला बरेच दिवस लागले. मग एकदा जेवताना सांगितलं की मी बाप विचारतच नाही. माझ्या हाताखाली जे जनावर आहे त्याचं डोकं आणि त्याचे केस पाहते. कागद पाहत नाही. माणसाला असं कुणी पाहिलं असतं तर आपल्या आजोबांना धर्म बदलावा लागला नसता. ते पटलं असं ते म्हणाले नाहीत, पण पुढच्या रविवारी स्कूटरवर मला शेतापर्यंत सोडलं.

चार वर्षांपूर्वी जालन्याला कृषी प्रदर्शनात श्वान स्पर्धा भरली. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, कारवान असे गट होते आणि पहिल्यांदाच टेरिअरचाही एक छोटा गट ठेवला होता. त्या गटाचं परीक्षण सुभेदारसाहेबांना करायला सांगितलं. पण त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी माझं नाव सुचवून कळवलं की मी येईन, पण खुर्चीत बसेन. कुत्रे ही बाई बघेल. शिवाय त्यांचा स्वतःचा कुत्रा त्यांची सून घेऊन येणार होती, त्यामुळेही त्यांनी परीक्षण करणं बरं नव्हतं.

मैदानावर पोचल्यावर स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस मला भेटले. पांढरे कपडे, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मूळ गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. ते "अस्सं" म्हणाले, आणि थोडं थांबून, कुत्र्याच्या जातीतलं तुम्हाला कळतं ना, असं विचारलं. असे प्रश्न ओळखायला आम्हाला शाळेत जावं लागत नाही. मी म्हणाले, निकालानंतर तपासून बघा.

पाच कुत्रे आले. तीन सुभेदारसाहेबांच्या जुन्या जोडीच्याच वंशातले होते, त्यात त्यांचा स्वतःचा एक. चौथा बदनापूरकडच्या एका कंपाउंडरचा. पाचवा बियाण्यांच्या एका बड्या व्यापाऱ्याचा. प्रदर्शनाच्या मंडपाला त्यांनी मदत केली होती हे कमानीवर लिहिलेलंच होतं. तो कुत्रा दिल्लीकडून आणलेला होता, सोबत प्लास्टिकच्या फाइलमध्ये वंशावळ. उभा राहिला की सगळ्यांची नजर त्याच्यावरच जायची. पाय खांबासारखे पांढरेशुभ्र, दाढी विंचरलेली, पाठ रंग दिल्यासारखी काळी.

मी त्याला टेबलावर घेतलं. मी काही विचारायच्या आधीच व्यापाऱ्यांनी फाइल पुढे केली. ते सौम्य माणूस, आवाज चढवून बोलणारे नव्हेत. म्हणाले, "मॅडम, कागद बघा ना. ह्याचा बाप चॅम्पियन आहे."

"बाप आज टेबलावर नाही," मी म्हणाले.

डोक्यावर हात ठेवला. लांबी ठीक. पण बोटं गालांवर आली आणि थांबली. दोन्हीकडे भरीव, गोल. दाढीचे केस फुगवून ते झाकलं होतं. पाठीवर हात फिरवला तर राठ लागलं, फारच राठ, आणि बोटांना चिकट. मी ओला रुमाल मागितला, पाठीच्या एका तळहाताएवढ्या जागेवरून दोनदा फिरवला. रुमाल काळपट झाला. पुसलेल्या जागी केस खाली बसले, कापसासारखे मऊ. मशीन फिरवलेली होती, वरून फवारा मारून केस ताठ केले होते. मला माझाच तो पहिला कुत्रा आठवला. कुत्र्याचा काही दोष नव्हता. तो माझ्या मनगटाला नाक लावून शांत उभा होता.

मग राजूरची एक बाई आली. गणपतीच्या रस्त्यावर तिचं मुरमुरे-फुटाण्यांचं दुकान. तिची कुत्री दुकानातली उंदीर-घुशी मारायला ठेवलेली, बाईच्या आईने सुभेदारसाहेबांकडून आणलेल्या कुत्रीची नात. एक कान टोकाला फाटलेला. दोरीच्या बाहेर काही जण हसले. कुत्रीला आंघोळ घातली होती एवढंच, बाकी काही नाही. मी तिला टेबलावर घेतलं आणि डोळे मिटले. कवटी सपाट. चार बोटं, चार बोटं. डोळ्याखाली अंगठा बुडाला नाही. गाल असे, की हात वरून खाली सरळ घसरत गेला. केस विस्कटून पाहिले तर कातडी दिसेना. कानाचं मी बाईला विचारलं. ती म्हणाली, घुशीनं फाडला, पण घूस काही वाचली न्हाई. केसांचं विचारलं तर म्हणाली, सुभेदारसाहेबांनी आईला शिकवल्तं, दिवाळीला आन् आखितीला हातानं उपटायचं, मी तसंच करून राह्यले.

आता राहिला सुभेदारसाहेबांचा कुत्रा. मी त्याला पिल्लू असल्यापासून ओळखत होते, त्याच्या पाठीचे केस मी स्वतः उपटले होते. आखडत्या पावलांनी का होईना, टेबलापाशी गेले. मोतीबिंदू वाढत गेला तसा वर्षभर त्याच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता, मलाही रविवार जमले नव्हते. वरचा केस मेलेला, आतला थर जवळपास गेलेला. डोकं चांगलं, पण वयाने गाल भरत चालले होते. कंपाउंडरचा कुत्रा डोक्याने याच्यापेक्षा किंचित कमी, केसांनी बराच वर. मी दोघांना पुन्हा एकदा शेजारी उभं केलं. दोरीपलीकडे काळा चष्मा लावून सुभेदारसाहेब खुर्चीत ताठ बसले होते, त्यांना फारसं दिसत नव्हतं. मी निकालपत्रावर लिहिलं: पहिली राजूरची, दुसरा बदनापूरचा, तिसरा सुभेदारसाहेबांचा. दिल्लीचा चौथा. पाचवा जुन्या जोडीच्या वंशातला उरलेला कुत्रा, अंगाने फार जड.

चिटणीसांनी कागद वाचला आणि मला मंडपाच्या मागे नेलं. त्यांच्या हातात दुसरं कोरं निकालपत्र होतं. म्हणाले, फार नाही, पहिल्या आणि चौथ्या नंबरची अदलाबदल करा. बियाण्यांच्या साहेबांनी मंडप दिलाय, फोटोवाले आलेत, आणि कान फाटलेली कुत्री पहिली आली तर जिल्ह्याची काय शोभा राहील. मी सांगितलं की फाटलेला कान पिल्लांमध्ये उतरत नाही, गाल उतरतात. त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. तेवढ्यात मागून कुणीतरी, मुद्दाम ऐकू जाईल असं बोललं, "आता हे आपल्याला जाती शिकवणार."

मी मागे वळले. चार-पाच जण उभे होते, सगळ्यांचे चेहरे सारखेच कोरे. मला वाटलं होतं असं काही ऐकलं की मी रडेन किंवा निघून जाईन. तसं झालं नाही. मी कोरं निकालपत्र घडी करून चिटणीसांच्या खिशात ठेवलं, व्यासपीठाकडे गेले आणि माईक मागितला. निवेदकाला वाटलं मी आभार मानणार.

मी पाचही कुत्र्यांचं एकेक करून सांगितलं. डोकं कसं, गाल कसे, केस कसे, आणि का. ओला रुमाल दाखवला. व्यापाऱ्यांच्या कुत्र्याचं सांगताना हेही सांगितलं की मशीन लावणं बंद केलं आणि मेलेले केस हाताने काढत राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत केस सुधारतील, गाल सुधारणार नाहीत. सुभेदारसाहेबांच्या कुत्र्यावर आले तेव्हा एकदा त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. तरी सगळं सांगितलं. मग शेवटी म्हणाले, "हा निकाल माझा आहे आणि याच्यावर माझी सही आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी इथे यावं, हात धुवावेत आणि कुत्र्यांच्या डोक्यावर ठेवून बघावेत."

कुणी आलं नाही. टाळ्याही फारशा वाजल्या नाहीत. बदनापूरचा कंपाउंडर आणि राजूरची बाई, एवढी दोघंच वाजवत होती, आणि ती स्वतःचा नंबर आला म्हणून. मंडळाने निकाल तोच ठेवला, पण व्यापाऱ्यांच्या कुत्र्याला 'विशेष आकर्षण' म्हणून एक करंडक दिला. तो राजूरच्या करंडकाहून हातभर उंच होता. राजूरची बाई हसून म्हणाली, एवढा मोठा असता तर एसटीत धरला कसा असता.

परतताना जीपमध्ये मी सुभेदारसाहेबांच्या शेजारी बसले होते. कुत्रा त्यांच्या मांडीवर. मला वाटलं, आता रविवार संपले. मग त्यांनी कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, अंगठे गालांवरून फिरवले, पाठीवरचे केस विस्कटून बोटं आत घातली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवली.

"तिसरा बराबर आहे," ते म्हणाले. "मी असतो तर दुसरा दिला असता. आन् ते चुकलं असतं."

त्यांच्या सुनेने पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं असावं. मंठ्याच्या फाट्यावर उतरताना मी सुभेदारसाहेबांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरून सरळ केलं. त्यांना ते कधीच आवडत नसे.

दहा-बारा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. परीक्षकाने जाहीररीत्या सन्माननीय सदस्याच्या श्वानाची मानहानी केली, तरी लेखी दिलगिरी व्यक्त करावी, अन्यथा पुढे निमंत्रण दिलं जाणार नाही. यजमानांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट केलं. मीच म्हणत होते की जाऊ द्या, उत्तर नको. ते म्हणाले, उत्तर दे, आणि उत्तराची एक प्रत आपल्याकडे ठेव. मी शाळेच्या रेघी कागदावर लिहिलं की त्या श्वानाचं डोकं आणि केस यांबाबत मी दिलेली कारणं मी पुन्हा तपासली, त्यांत बदल करण्यासारखं काही आढळलं नाही. मानहानी श्वानाची झालेली नाही. दिलगिरी नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, आणि सही.

निमंत्रण परत आलं नाही. सुभेदारसाहेब त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांच्या सुनेने उरलेल्या कुत्र्यांपैकी एक कुत्री मला दिली. ती आता दवाखान्याच्या व्हरांड्यात पडलेली असते आणि सगळ्या केसपेपरवर केस गाळते. स्पर्धेला मी दरवर्षी जाते. प्रवेशाचं तिकीट काढते आणि दोरीबाहेर उभी राहते. गेल्या वर्षी टेरिअर सात झाले होते. त्यातल्या चौघांचे मालक रिंगमध्ये जायच्या आधी कुत्रे घेऊन माझ्याकडे आले. एकाने हात लावून बघायला सांगितलं, दुसऱ्याने केस कधी काढू विचारलं. बघता बघता घोळका झाला आणि चिटणीस तावातावाने आले. हे अधिकृत परीक्षण नाही, इथे गर्दी करू नका, म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की मी परीक्षण करत नाही, मला कुणी परीक्षक नेमलेलं नाही. मैदान मात्र सरकारी आहे आणि तिकीट माझ्याकडे आहे. ते तिथेच उभे राहिले. मीही उभी राहिले. रांगेत पुढचं पिल्लू एका कॉलेजच्या पोरीचं होतं, सहा महिन्यांचं, चावरं. मी तिला त्याचं तोंड धरायला सांगितलं, डोळे मिटले आणि त्याच्या कवटीवर बोटं ठेवली.